सावळ्यांनी पिवळं नेसू नये, असं छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या महिला पुरवणीत मध्यंतरी कपड्यांच्या रंगांवर एक लेख आला होता. गोऱ्या रंगाला काय शोभतं, गव्हाळ रंगाला काय आणि सावळ्या रंगाला काय असे तीन चौकोन केले होते आणि सावळ्याच्या चौकोनात लिहिलं होतं की पिवळा, केशरी, राणी, पोपटी असे रंग टाळावेत, फिकट आणि शांत रंग निवडावेत म्हणजे उजळ दिसाल. मी सांगलीत ब्लाऊज शिवते, या कामात बरीच वर्षं गेली, आणि तो लेख वाचून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र. कारण तो सल्ला नुसता मनाला लागणारा नाहीये, तो डोळ्यालाही चुकीचा आहे, आणि पेपरात छापून आलं की लोक ते खरं धरतात, कापून ठेवतात, ग्रुपवर टाकतात.

माझ्याकडे नववीतली एक मुलगी आईबरोबर मापाला आली होती, गॅदरिंगला परकर-पोलकं शिवायचं होतं. आईने हळदी रंगाचा खण आणला होता, काठ लाल, सुंदर होता अगदी. पोरगी म्हणाली हा नको, मी काळी आहे. नववीतली पोर हो! तिला हे कुणी शिकवलं? मी तिला दुकानाच्या दारात उजेडात आणलं, खण हनुवटीखाली धरला, आरसा हातात दिला. मग शेजारी पडलेला बिस्किटी रंगाचा तुकडा तसाच धरून दाखवला, जो त्या लेखाप्रमाणे तिला "शोभणारा" होता. खण शिवायला टाकून गेल्या दोघी.

आपल्याकडे सावळ्या अंगावर ठसठशीत रंग ही काय आजची गोष्ट आहे का? पंढरीचा विठोबा काळ्या पाषाणाचा आणि त्याचा पितांबर पिवळा, साऱ्या महाराष्ट्राला ते रूप डोळे भरून बघावंसं वाटतं. इरकल साडी बघा, जमीन काळी नाहीतर गर्द हिरवी, पदर लालभडक आणि त्यावर पांढरं काम, ती नेसून शेतात उन्हात राबणाऱ्या बायका काही गोऱ्यापान नव्हत्या. चंद्रकळा काळी आणि तिला लाल काठ. आमच्या भागातले म्हातारे शेतकरी उन्हाने रापलेले, अंगात पांढराशुभ्र सदरा, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी नाहीतर गुलाबी फेटा, आणि चेहरा काय उठून दिसतो त्यांचा. त्यांना कुणी कधी सांगितलं नाही की पांढरा तुम्हाला शोभत नाही. विणकरांनी हे रंग ज्या लोकांना बघून ठरवले ते आपणच लोक ना, मग आता आपल्यालाच ते वर्ज्य कसे झाले?

आता हे असं का दिसतं ते मला समजलं तेवढं सांगते. रंग शोभणं हे गोरं की काळं यावर ठरतच नाही, ते ठरतं चेहरा, केस, डोळे आणि गळ्याजवळचं कापड यांच्यात फरक किती आहे यावर. आपल्यातल्या बहुतेकींचे केस काळे, डोळे काळे किंवा गडद तपकिरी, त्वचा गव्हाळ ते गडद सावळी, म्हणजे चेहऱ्यात मुळातच गडदपणा भरपूर आहे, अशा चेहऱ्याशेजारी जोरकस रंग आला की दोघं बरोबरीने उभे राहतात. डाळिंबी, गुलबक्षी, मोरपंखी, चिंतामणी, हळदी, गर्द जांभळा, हे रंग सावळ्या चेहऱ्याला दाबत नाहीत आणि सावळा चेहराही त्यांना दाबत नाही. उलट ज्यात राखाडी मिसळलेला आहे असे मळकट फिके रंग, आजकाल लग्नातसुद्धा जे फार चाललेत, डस्टी पिंक म्हणा, ऑनियन म्हणा, बिस्किटी, फिका करडा, ते गडद त्वचेजवळ आले की चेहरा राख फासल्यासारखा दिसतो, डोळ्याखालची वर्तुळं जास्त दिसायला लागतात. म्हणजे उजळ दिसाल म्हणून जे घालायला सांगितलं त्यानेच चेहरा मलूल होतो. सगळेच फिके रंग वाईट असं मी म्हणत नाहीये, स्वच्छ लिंबू, मोतिया, पिस्ता, आकाशी हे सावळ्या रंगावर फार गोड दिसतात. गडद की फिका एवढंच बघून चालत नाही, रंग स्वच्छ आहे की मळकट ते आधी बघायचं.

दुसरी गोष्ट, सावळा म्हणजे एक रंग नव्हे. सगळ्या माणसांच्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी जवळजवळ सारख्याच संख्येने असतात, फरक पडतो तो त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य किती आणि कुठल्या प्रकारचं बनवतात यावर, एक तपकिरी-काळं आणि एक पिवळट-लालसर, शिवाय आतल्या रक्ताची लाली असते ती वेगळी. त्यामुळे दोन बायका सारख्याच सावळ्या असल्या तरी एकीच्या रंगात तांब्याची झाक असते, एकीच्या पिवळी, एकीच्या थोडी हिरवट, एकीच्या जांभळट. तांबूस झाक असलेलीला केशरी, विटकरी, मोहरी हे रंग असे मिसळून जातात की बास, तेच जांभळट झाक असलेलीला राणी, डाळिंबी, निळा जास्त चांगले, तिला मोहरी नेसवली तर ती आजारी दिसेल. आणि हे गोऱ्या बायकांनाही तसंच लागू आहे, गोरी आहे म्हणून तिला काहीही शोभतं हे साफ खोटं, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी गोऱ्या बायका फिक्या पिवळ्यात अगदी निस्तेज दिसतात पण त्यांना कुणी कधी टाळा म्हणत नाही!

डॉक्टर लोक त्वचेचे सहा प्रकार सांगतात, फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1975 साली ते सुरू केले, पण ते मुळात उन्हाने कातडी किती भाजते ते बघायला आणि तेव्हा गोऱ्या लोकांचाच विचार करून, तपकिरी आणि काळ्या त्वचेचे दोन प्रकार त्यात नंतर घातले. 2022 साली गुगलने दहा शेडचं नवं माप घेतलं, एलिस मंक या प्राध्यापकांनी बनवलेलं, कारण जुन्या मापात गडद त्वचेला जागाच पुरत नव्हती. जगात दहा शेड मोजायला लागले आणि आपल्या पुरवणीत अजून तीन चौकोन, तेही गोरा वरती आणि सावळा तळाला.

माझ्या मुलीने टेक्स्टाइलचा कोर्स केला, तिच्या अभ्यासात एका फ्रेंच केमिस्टची गोष्ट होती ती मला फार आवडली कारण ती थेट आमच्या धंद्यातली आहे. पॅरिसमध्ये गोबेलाँ नावाचा भिंतीवरचे विणलेले पडदे करणारा सरकारी कारखाना होता, शेव्रल हे तिथे रंगखात्याचे प्रमुख. तक्रार आली की काळा रंग नीट चढत नाही, काळा धागा फिका वाटतो. त्यांनी काळा तपासला तर रंगात काही खोट नव्हती, तो निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला की फिका वाटत होता. म्हणजे रंग एकटा कधी दिसतच नाही, शेजाऱ्याबरोबर दिसतो. 1839 साली त्यांनी हे सगळं सविस्तर छापलं आणि त्यात बायकांच्या चेहऱ्याशेजारी कुठलं कापड आलं तर चेहरा कसा दिसतो याचाही विचार केलाय. हिरव्याशेजारी त्वचा जरा लालसर वाटते, जांभळ्याशेजारी पिवळट वाटते, पिवळ्याशेजारी जांभळट वाटते. आणि कापड चकचकीत असेल, सॅटिन किंवा सिल्क, तर त्याचा उजेड हनुवटीखाली पडून तिथे त्या कापडाचाच रंग चढतो, हे मी रोज बघते. म्हणून एखादीला पोपटी सॅटिन वाईट दिसतं पण त्याच रंगाचं सुती कापड छान दिसतं, दोष रंगाचा नसतोच, चमकेचा असतो.

यातूनच माझं मुख्य म्हणणं येतं आणि ते ब्लाऊज शिवणाऱ्या कुठल्याही बाईला माहिती असेल. साडीत चेहऱ्याच्या सगळ्यात जवळ काय असतं? ब्लाऊज आणि खांद्यावरचा पदर. निऱ्या कुठे, चेहरा कुठे. त्यामुळे तुम्हाला एखादा रंग मनापासून आवडतो पण तोंडाजवळ बरा दिसत नाही तर तो सोडून द्यायची काही गरज नाही, ब्लाऊज बदला. करडी साडी आवडली, घ्या, वर डाळिंबी नाहीतर मोरपंखी ब्लाऊज शिवा. आपल्या आज्यांचं असंच होतं, लुगडं एका रंगाचं आणि खणाची चोळी वेगळ्याच रंगाची, साडीतलाच ब्लाऊजपीस कापून सगळं एकसारखं करायची पद्धत फार नंतरची. ड्रेसला ओढणी आहे, तीच युक्ती. आणि गळा खोल शिवला तर कापड चेहऱ्यापासून लांब जातं, मधे आपली स्वतःची त्वचा येते, तेवढ्यानेही फरक पडतो, बंद गळ्याला मात्र रंग जपून निवडावा लागतो.

अजून एक आमच्या कामातली गोष्ट, नेटच्या बाह्यांना अस्तर लावायचं असतं तेव्हा बायका म्हणतात स्किन कलर लावा. मॅचिंग सेंटरमध्ये स्किन कलर म्हणून जे मिळतं ते फिकट गुलाबी-पिवळं, आमच्याकडच्या बहुतेक दंडांशी त्याचा काही संबंध नसतो. सावळ्या हाताला ते लावलं की पट्टी बांधल्यागत दिसतं. मी कॉफी, चॉकलेटी, बदामी, तपकिरी असे तुकडे ठेवलेत, गिऱ्हाईकाच्या दंडावर ठेवून बघते आणि जो दिसेनासा होतो तो लावते. बाकीच्या टेलर भगिनींनाही माझी विनंती आहे, हे करून बघा, नेटचं ब्लाऊज एकदम भारी दिसतं.

उजेडाबद्दल तर स्वतंत्र लेख छापा असं मी म्हणेन. साडीच्या दुकानात ते पांढरे एलईडी असतात, 6500 केल्विनचे (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर), त्यात निळा उजेड जास्त, निळे-हिरवे रंग खुलतात आणि आपला चेहरा फिका पडतो. लग्नाच्या हॉलमध्ये संध्याकाळी पिवळे दिवे, 2700 ते 3000, तिथे तीच साडी वेगळी दिसते, लाल-केशरी पेटतात आणि निळा काळपट होतो. साडी आणि ब्लाऊजपीस दुकानात तंतोतंत जुळला आणि घरी आल्यावर दिवसा बघितला तर दोन वेगळेच रंग, ही रड सगळ्यांचीच, कारण दोन्हीचे रंग वेगळ्या केमिकलचे असतात, एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. आमच्या आईच्या पिढीतल्या बायका साडी घेऊन दुकानाच्या पायरीवर यायच्या, उन्हात नाही, सावलीतल्या उजेडात धरून बघायच्या, त्याहून चांगली परीक्षा मला माहिती नाही. आता ऑनलाइन घेताना तेही गेलं, फोटोवर आधीच लाइट मारलेली, मॉडेलचा चेहरा पण उजळ केलेला, आपल्या मोबाईलचा ब्राइटनेस तिसराच. निदान परत करायची मुदत आहे तोवर कपडा खिडकीशी नेऊन, तोंडाला काही न लावता बघावा. पावडर-क्रीम लावून बघितलं तर ते रंग पावडरला शोभतात की नाही एवढंच कळतं.

मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात की हिरव्या त्यावरून तुमचे रंग ठरवा, अशा टेस्ट मोबाईलवर फार फिरतात. आता शिरा दिसणार गोऱ्या, पातळ कातडीतून, गडद त्वचेत मेलॅनिन उजेड शोषून घेतं, शिराच नीट दिसत नाहीत, मग ती बाई काय ठरवणार? सोनं शोभतं की चांदी ही दुसरी टेस्ट, आपल्याकडे तर जन्मल्यापासून सोनंच बघायची सवय, डोळा आधीच तिकडे झुकलेला. त्यापेक्षा सोपं म्हणजे एक पांढराशुभ्र कपडा घ्यायचा आणि एक मोतिया, न धुतलेल्या मांजरपाटासारखा, दोन्ही आळीपाळीने हनुवटीखाली धरायचे. धुण्याच्या पावडरीत जे चमक आणणारं असतं त्याने आणि निळीने पांढऱ्याला निळी झाक येते, मोतियाला पिवळी असते. ज्याच्या शेजारी डोळे आणि दात स्वच्छ दिसतात, चेहरा एकसारखा वाटतो, त्या बाजूचे रंग तुमचे. दोन्ही चांगले दिसले तर तुम्ही नशीबवान, काहीही घाला.

आता केस. या लेखांमध्ये केसांबद्दल कुणी लिहीतच नाही, आपल्या सगळ्यांचे काळेच धरलेले असतात. पण चाळिशी-पन्नाशीनंतर केसांनीच सगळं गणित बदलतं. केस पांढरे व्हायला लागले की चेहऱ्याभोवतीची काळी चौकट जाते, त्याच वयात पुष्कळ बायकांना गालावर वांग येतात, मान एका रंगाची आणि तोंड एका रंगाचं होतं, आणि मग कालपर्यंत शोभणारी साडी आज का शोभत नाही ते कळत नाही, त्या वयाला दोष देतात. नुसती मेंदी लावली तर तिच्यातल्या लॉसोन या रंगद्रव्यामुळे पांढरा केस केशरी-लाल होतो, अशा केसांशेजारी राणी आणि गुलाबी रंग भांडतात, त्यापेक्षा मेंदी रंग, शेवाळी, बॉटल ग्रीन, विटकरी, मोतिया घ्या, काय छान दिसतं बघा. मेंदीबरोबर निळीच्या झाडाच्या पानांची पूड (इंडिगो, कपड्यांची नीळ नव्हे) लावली की केस तपकिरी-काळे होतात, तिथे बहुतेक सगळे रंग चालतात. डायने कुळकुळीत काळे केले तर मात्र चेहरा थकलेला वाटतो, कारण त्वचा वयाबरोबर मऊ झालेली असते आणि केस विशीतले, मी माझ्या गिऱ्हाइकांना एक शेड फिका, गडद तपकिरी लावायला सांगते. आणि ज्यांनी डाय सोडून दिलाय, पूर्ण पांढरे ठेवलेत, त्यांना घरचे लोक सांगतात आता साधं नेसा, मग त्या क्रीम, बिस्किटी, करडं नेसतात आणि सगळंच एकमेकांत विरघळून जातं. पांढरे केस आणि सावळा चेहरा यावर गर्द निळं, डाळिंबी, मोरपंखी, आमसुली नेसून बघा हो, इतकं रुबाबदार रूप तरुणपणीही नसतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी मुद्दाम आग्रह करते, नेसून येतात तेव्हा मलाच भरून येतं.

पुरुषांनाही हे सगळं लागू आहे, ते विचारत नाहीत एवढंच. दाढी पिकायला लागल्यावर फिक्या चेक्सच्या शर्टापेक्षा भरीव निळा किंवा गर्द हिरवा शर्ट घातला तर चेहरा उठतो, घरच्यांनी घेऊन द्यावा.

आता तुमच्या पेपरकडे माझी मागणी काय ते. गोरेपणाचं वेड सगळं पेपरने लावलं असं मी म्हणत नाही, ते "फेअर अँड लव्हली" क्रीम 1975 पासून बाजारात आहे आणि 2020 साली कंपनीने नावातून "फेअर" शब्द काढला तोसुद्धा जगभर ओरडा झाल्यावर. पण त्याच पेपरात पुरवणीत रंगाचे तीन चौकोन आणि रविवारी वधू-वर पानावर "गोरी, सडपातळ पाहिजे" हे दोन्ही आमची मुलगी एकाच सकाळी वाचते. जाहिरात कुणी द्यावी ते तुमच्या हातात नसेल, लेख तर आहे. सल्ला देताना "उजळ दिसाल" हे लिहू नका, चांगलं दिसणं म्हणजे उजळ दिसणं नव्हे.

आणि नवरात्राचे रंग. ते तुम्ही दरवर्षी छापता, बायका हौसेने त्या त्या दिवशी तसं नेसून फोटो पाठवतात, मला स्वतःला ती गोष्ट फार आवडते, बँकेतली बाई आणि झाडूवाली ताई एका रंगात दिसतात. रंग तर वारावरून ठरलेले असतात, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी केशरी, राहिलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यातले. पण पिवळा म्हणजे एकच पिवळा नाही ना, लिंबू आहे, हळदी आहे, आंब्याचा आहे, मोहरी आहे, सोनसळी आहे, हिरव्यात तर विचारूच नका. यंदा यादी छापताना प्रत्येक रंगाच्या तीन-चार शेड नावानिशी द्या म्हणजे जिला जी शोभते ती तिने निवडावी आणि पिवळ्या दिवशी कुणी घरी बसू नये किंवा फोटोत मागे उभं राहू नये. शनिवारच्या करड्याची सगळ्यांनाच पंचाईत होते, तिथे ब्लाऊज डाळिंबी किंवा राणी चालेल असं स्पष्ट लिहा, काही बायकांना वाटतं ब्लाऊजपण करडंच पाहिजे. आणि आलेल्या फोटोतून छापायला निवडताना सावळ्या, काळ्या बायकांचे फोटो पहिल्या ओळीत घ्या, मोठे घ्या, आणि छापायच्या आधी चेहरे उजळ करू नका. शेडची नावं हवी असतील तर मी लिहून पाठवीन, माझ्या कपाटात सगळे तुकडे आहेत.

आपली,
ब्लाऊज शिवणारी एक वाचक,
सांगली